गुरूची साक्ष काढणारे मास्तर

२६ सप्टेंबर २०२२ चा सोमवार हा घटस्थापनेचा दिवस होता. दुर्गोत्सवासाठी विदर्भभर ओळखल्या जाणाऱ्या यवतमाळ शहरात नवरात्राची सुरुवात होत होती. आदल्याच दिवशी सर्वपित्री अमावास्या झाल्याने आकाशात चांदणे असण्याचा प्रश्न नव्हता. त्या संध्याकाळी पश्चिमेला सूर्य टेकला आणि त्याच सुमारास पूर्वेला एक ठळक, स्थिर, पिवळसर पांढरा गोळा क्षितिजावर आला. तो गुरू होता. त्या दिवशी तो पृथ्वीपासून सुमारे ५९ कोटी १० लाख किलोमीटरवर होता. इतक्या जवळ तो त्यापूर्वी १९६३ साली, म्हणजे ५९ वर्षांपूर्वी आला होता. तोच गुरू सूर्याच्या पलीकडे गेला म्हणजे हे अंतर ९६ कोटी किलोमीटरच्याही पुढे जाते. पावसाळ्याच्या शेवटच्या ढगांनी जेथे वाट दिली, तेथे हा ग्रह पाहण्यासाठी दुर्बिणीचीही गरज नव्हती. रात्रीच्या आकाशात त्याच्याइतके तेजस्वी दुसरे काही नव्हते.

अशा प्रसंगी आता हातातला मोबाइल ग्रहाचे नाव सांगतो आणि वृत्तपत्रे अंतराचे आकडे छापतात. मात्र आकाशातल्या ठिपक्याकडे बोट दाखवून हा गुरू, हा शुक्र, हा मंगळ असे मराठी वाचकाला त्याच्याच भाषेत समजावून सांगण्याचे काम सव्वाशेहून अधिक वर्षांपूर्वी एका शाळामास्तरांनी केले होते. ते तेवढ्यावरच थांबले नाहीत. याच गुरूच्या उदयास्ताचा हिशेब मांडून त्यांनी गुप्त सम्राटांच्या काळाचा वाद मिटवण्यास मोठा हातभार लावला. हे मास्तर म्हणजे ज्योतिर्विद शंकर बाळकृष्ण दीक्षित. त्यांना आयुष्य अवघे ४४ वर्षांचे लाभले. तेही रेवदंडा, ठाणे, बार्शी, धुळे आणि पुणे अशा बदल्यांच्या गावी, खडू आणि फळ्याच्या सहवासात गेले.

मुरुडचा विद्यार्थी

दीक्षित यांचा जन्म जुलै १८५३ मध्ये रत्नागिरी जिल्ह्यातील दापोली तालुक्यात मुरुड या गावी झाला. पुढे महर्षी म्हणून विख्यात झालेले धोंडो केशव कर्वे यांचे बालपणही याच गावात गेले. नारळी-पोफळीच्या बागा, समोर समुद्र आणि गावात वेदविद्येची परंपरा, असे तेथले वातावरण होते. दीक्षितांचे प्राथमिक शिक्षण गावातच झाले आणि थोडे संस्कृत व वेदाध्ययनही तेथेच झाले. घरची स्थिती पुढच्या शिक्षणाला अनुकूल नव्हती. इंग्रजी शिकून मोठ्या पदावर जाण्याचा मार्ग त्या काळी मोजक्यांनाच खुला होता. दीक्षितांनी त्याऐवजी पुण्याच्या ट्रेनिंग कॉलेजचा रस्ता धरला. मराठी शाळांसाठी शिक्षक तयार करणारी ही संस्था होती. तेथला अभ्यासक्रम पुरा करून १८७४ मध्ये ते मॅट्रिकची परीक्षा उत्तीर्ण झाले. त्यांचे औपचारिक शिक्षण येथेच संपले. महाविद्यालयाची पदवी त्यांनी कधी घेतली नाही.

पहिली महत्त्वाची नेमणूक रेवदंड्याच्या मराठी शाळेत झाली. १८८० पर्यंत ते तेथे होते. याच काळात, १८७७ च्या ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये, मंगळ पृथ्वीच्या फार जवळ आला होता. त्या संधीचा लाभ घेऊन अमेरिकेत असाफ हॉल यांनी मंगळाचे दोन चंद्र शोधले आणि इटलीत स्कियापारेल्ली यांनी त्याच्या पृष्ठभागावर रेषांचे जाळे रेखाटले. कोकणात ते दिवस पावसाचे. महाराष्ट्रातल्या आकाशनिरीक्षकाची ही जुनीच अडचण आहे. ग्रह नेमका भाद्रपदात जवळ आला, तर तो ढगांच्या आड जातो.

रेवदंड्याच्या दक्षिणेला याच किनाऱ्यावर नांदगाव आहे. सोळाव्या शतकातील थोर गणिती गणेश दैवज्ञ हे तेथले. शके १४४२ मध्ये, म्हणजे १५२० साली, त्यांनी ग्रहलाघव हा ग्रंथ रचला. ज्या आणि चाप यांच्या किचकट आकडेमोडीशिवाय ग्रहांची स्थाने काढण्याची सोय त्यात असल्याने महाराष्ट्रातील पंचांगे पुढे शेकडो वर्षे त्यावरच चालली. परंतु प्रत्येक गणितात एक बारीक चूक दडलेली असते आणि काळ जाईल तसतशी ती साचत जाते. एकोणिसाव्या शतकापर्यंत पंचांगातील ग्रह आणि आकाशातील ग्रह यांच्यात उघड फरक पडू लागला होता. ग्रहणाची वेळ चुकत होती आणि ग्रहांचे उदयास्त पुढेमागे होत होते. दीक्षितांच्या पुढील आयुष्याची दिशा याच फरकाने ठरवली.

पंचांगाचा वाद

हा फरक ज्यांना जाणवला, त्यांत केरो लक्ष्मण छत्रे अग्रभागी होते. पाश्चात्त्य कोष्टकांच्या आधारे त्यांनी १८६० मध्ये ग्रहसाधनाची कोष्टके हा ग्रंथ मराठीत प्रसिद्ध केला आणि १८६५ पासून आबासाहेब पटवर्धन यांच्या साहाय्याने नवे पंचांग काढले. ते पटवर्धनी पंचांग म्हणून ओळखले गेले. आकाशात ग्रह जेथे दिसतो, तेथेच तो पंचांगात असला पाहिजे, ही त्यामागची भूमिका होती. आज ती साधी वाटते. त्या काळी मात्र प्रश्न श्राद्धाच्या तिथीचा, एकादशीचा आणि विवाहमुहूर्ताचा होता. वाडवडिलांनी पाळलेला दिवस चुकीचा होता हे मान्य करणे समाजाला सोपे नव्हते.

यापुढचा वाद अधिक खोल होता. पृथ्वीचा आस भोवऱ्याच्या दांडीसारखा अत्यंत मंद गतीने घिरट्या घालतो. त्यामुळे वसंतसंपात, म्हणजे दिवस आणि रात्र समान करणारा आकाशातील बिंदू, ताऱ्यांमधून हळूहळू मागे सरकतो. हे सरकणे सुमारे ७२ वर्षांत एक अंश इतके आहे. संपातापासून राशी मोजणारी पद्धत ती सायन, आणि ताऱ्यांतील स्थिर बिंदूपासून मोजणारी ती निरयन. उत्तरायण प्रत्यक्षात २२ डिसेंबरच्या सुमारास सुरू होत असताना निरयन पंचांगातील मकरसंक्रांत जानेवारीच्या मध्यात येते, त्याचे कारण हेच. हा फरक वाढतच जाणार आहे आणि काही हजार वर्षांत चैत्रातला वसंत पावसाळ्यात जाऊन पोहोचेल. ग्वाल्हेरचे विसाजी रघुनाथ लेले यांनी सायन पद्धतीचा जोरदार पुरस्कार केला. जनार्दन बाळाजी मोडक त्यांना मिळाले, आणि १८८० नंतर ठाण्यात आलेले दीक्षितही याच पक्षात दाखल झाले. तिघांच्या प्रयत्नांतून सायन पंचांग निघू लागले.

ते फारसे खपले नाही. सण-व्रते एकदम तीन आठवड्यांनी मागे नेण्यास लोक तयार नव्हते. मात्र या वादाने दीक्षितांना एक सवय लावली. प्रतिपक्षाला उत्तर द्यायचे तर मूळ ग्रंथ पाहिले पाहिजेत, प्रत्येक सिद्धान्ताची आकडेमोड स्वतः करून पाहिली पाहिजे आणि शेवटी तिचा मेळ आकाशाशी घातला पाहिजे, असा त्यांचा शिरस्ता बनला. शाळेच्या वेळेनंतर पोथ्या जमवणे, उतरवून घेणे आणि गणिते सोडवणे हाच त्यांचा दिनक्रम झाला.

गुरूचा उदय आणि गुप्तांचा काळ

१८८२ मध्ये दीक्षितांची बदली बार्शीच्या इंग्रजी शाळेत झाली. तेथे ते १८८९ पर्यंत होते. या आडगावी राहून त्यांनी जे काम केले, त्याने त्यांचे नाव युरोपातील विद्वानांपर्यंत पोहोचवले.

भारताच्या प्राचीन इतिहासात त्या वेळी एक मोठी गाठ सुटत नव्हती. समुद्रगुप्त, चंद्रगुप्त, कुमारगुप्त आणि स्कंदगुप्त यांच्या काळातील लेखांवर वर्षे कोरलेली होती, पण ती ज्या कालगणनेतील होती ती सुरू केव्हा झाली याविषयी एकमत नव्हते. कोणी तिचा आरंभ इसवी सन ७८ मध्ये मानी, कोणी १६६ मध्ये, कोणी १९० मध्ये. शककालानंतर २४१ वर्षांनी गुप्तकाल सुरू झाला, म्हणजे इसवी सन ३१९ मध्ये, असे अल्बेरुनीने अकराव्या शतकात नोंदवून ठेवले होते. पण त्याच्या नोंदीचा अर्थ काय लावायचा यावरही वाद होता. दोन टोकांच्या मतांत तब्बल २४० वर्षांचे अंतर होते. एवढ्या अंतराने सारा गुप्तकाल आणि त्याला बांधलेली कवी व शास्त्रज्ञांची कालक्रमणा पुढेमागे होत होती.

गुप्तांच्या लेखांचे संपादन करणारे जॉन फेथफुल फ्लीट यांना या कामात मंदसोरच्या शिलालेखाने महत्त्वाचा दुवा दिला. मात्र त्याला ज्योतिषगणिताचा भक्कम आधार हवा होता. ते गणित दीक्षितांनी केले.

सागर जिल्ह्यातील एरण येथे बुधगुप्ताच्या काळचा एक स्तंभ आहे. त्यावर गुप्त संवत १६५, आषाढ शुद्ध द्वादशी, असा काल कोरला असून वार देवांच्या गुरूचा, म्हणजे गुरुवार, असे म्हटले आहे. गुप्तकालाचा आरंभ इसवी सन ३१९-२० धरून दीक्षितांनी हिशेब केला, तेव्हा ही तिथी २१ जून ४८४ या दिवशी आली, आणि तो दिवस गुरुवारच निघाला. परंतु वाराचा पुरावा एकटा पुरेसा नसतो. सातांपैकी एकदा वार योगायोगानेही जुळतो, आणि इतर मतांच्या पुरस्कर्त्यांनीही आपापल्या परीने तो जुळवून दाखवला होता. आणखी एक स्वतंत्र साक्षीदार हवा होता. तो आकाशातच होता, आणि तो गुरू हाच होता.

बघेलखंडात राज्य करणाऱ्या परिव्राजक घराण्यातील हस्ती आणि संक्षोभ या राजांच्या ताम्रपटांत गुप्त वर्षाबरोबर एका संवत्सराचेही नाव येते. १५६ या वर्षी महावैशाख, १९१ या वर्षी महाचैत्र, २०९ या वर्षी महाआश्वयुज अशी ही नावे आहेत. गुरू आकाशाची एक फेरी सुमारे १२ वर्षांत पुरी करतो. त्या फेरीला धरून ही १२ नावे पडली हे विद्वानांना ठाऊक होते. पण एखादे नाव केव्हा सुरू होते आणि केव्हा संपते, याचा नेमका नियम हाती नव्हता. गुरू एका राशीतून दुसऱ्या राशीत गेला की संवत्सर बदलतो, असे धरून केलेली गणिते लेखांशी जुळत नव्हती.

दीक्षितांनी जुन्या संहिताग्रंथांतील एका वेगळ्या नियमाकडे लक्ष वेधले. तो समजण्यासाठी घरच्या भिंतीवरील दिनदर्शिका पुरते. तिच्यात गुरूचा अस्त आणि गुरूचा उदय असे शब्द छापलेले असतात, आणि अस्ताच्या काळात लग्नाचे मुहूर्त नसतात हे सर्वांना माहीत असते. गुरू सूर्याच्या अगदी जवळ आला की त्याच्या तेजात लोपतो आणि जवळजवळ महिनाभर दिसत नाही. मग एका पहाटे, सूर्योदयाच्या थोडे आधी, तो पूर्वक्षितिजावर पुन्हा दिसू लागतो. हाच त्याचा उदय. ज्या नक्षत्रात हा उदय होतो त्या नक्षत्रावरून, त्याला महा हे उपपद जोडून, पुढच्या संवत्सराला नाव द्यायचे, असा तो नियम होता. विशाखा किंवा अनुराधा नक्षत्रात गुरू उगवला तर महावैशाख. रेवती, अश्विनी किंवा भरणीत उगवला तर महाआश्वयुज.

या पद्धतीत आणखी एक खुबी आहे. एका उदयापासून दुसऱ्या उदयापर्यंत सुमारे ३९९ दिवस, म्हणजे वर्षाहून महिनाभर अधिक, लागतात. त्यामुळे १२ वर्षांत गुरूचे उदय ११ च होतात, आणि बारांपैकी एक संवत्सर गळून पडतो. लेखांतील नावे तपासताना हा गळणारा संवत्सर लक्षात घेतला नाही तर हिशेब बिघडतो. दीक्षितांनी पंधराशे वर्षांपूर्वीच्या गुरूची स्थाने मोजून त्याचे उदय काढले आणि ती नावे एकामागून एक पडताळली. गुप्तकालाचा आरंभ इसवी सन ३१९-२० धरला की लेखातील नाव आणि आकाशातील गुरू यांचा मेळ बसत होता.

फ्लीट यांचा गुप्त लेखांचा ग्रंथ १८८८ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात दीक्षितांची गणिते त्यांच्या नावानिशी आहेत, आणि गुरूच्या १२ वर्षांच्या चक्रावरील त्यांचे टिपण स्वतंत्र परिशिष्ट म्हणून छापलेले आहे. बार्शीच्या शाळेतील एका दुय्यम शिक्षकाच्या कामाला मिळालेला हा मान होता. गुप्तकालाचा आरंभ आज पाठ्यपुस्तकांतही इसवी सन ३१९-२० असाच शिकवला जातो. त्या आकड्यामागे उभे असलेले हे मास्तर मात्र पाठ्यपुस्तकांत क्वचितच भेटतात.

रात्रीची दोन घटका

१८८९ मध्ये दीक्षित धुळ्याच्या ट्रेनिंग स्कूलमध्ये गेले. पुढे मराठी शाळांत शिकवणाऱ्या तरुणांना घडवण्याचे ते काम होते. विद्वानांसाठी लिहीत असतानाच सामान्य वाचकाचा त्यांना कधी विसर पडला नव्हता. विद्यार्थ्यांसाठी बुद्धीला चालना देणारी पुस्तके आणि निसर्गातील चमत्कारांची ओळख करून देणारे सृष्टिचमत्कार हे पुस्तक त्यांनी आधीच लिहिले होते. धुळ्याच्या वास्तव्यात त्यांचे ज्योतिर्विलास बाहेर आले. रात्रीची दोन घटका मौज, असे त्याचे दुसरे नाव होते.

दोन घटका म्हणजे ४८ मिनिटे. जेवणानंतर अंगणात किंवा गच्चीवर एवढा वेळ बसले तरी आकाशाची ओळख होऊ शकते, हा त्या नावातला विश्वास होता. मराठीत तोवर ज्योतिष म्हटले की पत्रिका आणि मुहूर्त हीच चित्रे डोळ्यांपुढे येत. दीक्षितांनी वाचकाला नक्षत्रे दाखवली, ग्रह कसे ओळखावेत हे सांगितले, आणि ताऱ्यांच्या अंतरांची व सूर्यमालेच्या रचनेची नवी माहिती घरगुती मराठीत आणली. ज्या नक्षत्रांची नावे आजीच्या तोंडी होती, तीच आता नातवाला आकाशात सापडू लागली. मराठीतील विज्ञानविषयक लेखनाच्या इतिहासात या पुस्तकाचे नाव आदराने घेतले जाते. पुढच्या काळात ते अनेक पिढ्यांच्या हाती राहिले.

१८९२ हे वर्ष ग्रहदर्शनाच्या दृष्टीने भाग्याचे होते. ऑगस्टमध्ये मंगळ पृथ्वीच्या फार जवळ आला आणि ऑक्टोबरमध्ये गुरू. सप्टेंबर १८९२ मध्ये अमेरिकेतील लिक वेधशाळेत एडवर्ड बर्नार्ड यांना गुरूचा पाचवा चंद्र सापडला. गॅलिलिओने १६१० मध्ये चार चंद्र पाहिल्यानंतर तब्बल २८२ वर्षांनी गुरूच्या परिवारात ही भर पडली होती. जगातील मोठ्या वेधशाळा आणि महाराष्ट्रातील अंगणे यांच्यात साधनांचे अंतर प्रचंड होते, पण ग्रह दोन्हीकडे एकच होता. दीक्षितांच्या पुस्तकाने ही जाणीव मराठी घरात आणली.

आयुष्याचा ग्रंथ

दक्षिणा प्राइज कमिटीने पंचांग आणि ज्योतिष यांच्या इतिहासावर ग्रंथ मागवला होता. ते निमित्त धरून दीक्षितांनी जे लेखन हाती घेतले, ते बक्षीस मिळाल्यावरही थांबले नाही. बदलीच्या प्रत्येक गावी ते वाढत गेले, आणि भारतीय ज्योतिषशास्त्राचा प्राचीन व अर्वाचीन इतिहास १८९६ मध्ये पुण्यात छापून प्रसिद्ध झाला. वेदकाळ आणि वेदांगकाळ हा त्याचा पहिला भाग. सिद्धान्तकाळ, म्हणजे आर्यभट, वराहमिहिर, ब्रह्मगुप्त आणि भास्कराचार्य यांच्यापासून थेट छत्रे यांच्यापर्यंतचा पट, हा दुसरा. प्रत्येक ग्रंथकाराचा काळ, स्थळ आणि त्याने दिलेली ग्रहांची गती यांची छाननी करून, कोणाचे गणित आकाशाच्या किती जवळ होते हे दीक्षितांनी दाखवून दिले.

याच अभ्यासातून त्यांचा कृत्तिकांविषयीचा प्रसिद्ध शोध निघाला. शतपथ ब्राह्मणात कृत्तिका पूर्व दिशेपासून ढळत नाहीत, असा उल्लेख आहे. आज कृत्तिका पूर्वबिंदूपासून बऱ्याच उत्तरेला उगवतात. त्या नेमक्या पूर्वेला उगवण्यासाठी त्या विषुववृत्तावर असायला हव्यात, आणि संपाताच्या गतीचा हिशेब केला तर ही स्थिती इसवी सनापूर्वी ३००० च्या सुमारास येते. दीक्षितांनी हा विचार १८९५ मध्ये इंडियन अँटिक्वरी या नियतकालिकातून विद्वानांपुढे ठेवला. त्याआधी दोनच वर्षे लोकमान्य टिळकांचा ओरायन हा ग्रंथ निघाला होता, आणि वेदांच्या काळाविषयी जोराची चर्चा चालू होती. कृत्तिकांच्या उल्लेखाचा दीक्षितांनी लावलेला अर्थ सर्वांना मान्य झाला नाही, आणि त्यावरील मतभेद पुढेही राहिले. परंतु त्या ओळीकडे पाहिल्याशिवाय या विषयावर लिहिणे नंतर कोणाला शक्य झाले नाही.

ग्रंथ निघाला त्याच १८९६ साली मद्रास प्रांतातील सनदी अधिकारी रॉबर्ट स्युएल यांच्याबरोबर दीक्षितांनी तयार केलेला भारतीय कालगणनेवरील इंग्रजी ग्रंथही लंडनमध्ये प्रसिद्ध झाला. शिलालेखातील तिथी इंग्रजी तारखेत कशी बदलावी याची कोष्टके त्यात आहेत. इतिहास संशोधकांच्या कित्येक पिढ्यांनी ती वापरली. १८९४ पासून दीक्षित पुण्याच्या ट्रेनिंग कॉलेजात अध्यापक होते. ज्या संस्थेतून ते विद्यार्थी म्हणून बाहेर पडले, तेथेच ते शिक्षक म्हणून परतले होते.

भरदुपारची सावली

२२ जानेवारी १८९८ रोजी खग्रास सूर्यग्रहणाची सावली महाराष्ट्रावरून गेली. नॉर्मन लॉकयर आपल्या पथकासह विजयदुर्गला उतरले होते, तर पुण्याचे कावसजी दादाभाई नायगमवाला सोलापूर जिल्ह्यातील जेऊरला होते. पुढे ही सावली विदर्भात शिरली. यवतमाळच्या उत्तरेला, रेल्वेमार्गावरील पुलगाव आणि तळणी येथे युरोपातून आलेल्या पथकांनी दुर्बिणी रोवल्या होत्या. आजचा यवतमाळ जिल्हा तेव्हा वऱ्हाडातील वणी जिल्हा म्हणून ओळखला जाई. तळणी येथे ॲनी माँडर यांनी सूर्याच्या प्रभामंडळाचा लांबवर गेलेला झोत छायाचित्रात टिपला, आणि ते छायाचित्र पुढे गाजले. दूर देशींची माणसे आकाश पाहण्यासाठी कापसाच्या या प्रदेशात येऊन राहिली होती. पंचांगातील ग्रहण आणि आकाशातील ग्रहण यांची गाठ घालून पाहण्याचा हा दिवस होता. दीक्षितांनी आयुष्यभर जो आग्रह धरला, त्याची जणू जाहीर परीक्षाच त्या दुपारी विदर्भाच्या आकाशात झाली.

त्यानंतर तीन महिन्यांतच, २० एप्रिल १८९८ रोजी, पुण्यात दीक्षितांचे निधन झाले. पंचेचाळिसावे वर्षही पुरे झाले नव्हते. मोठा ग्रंथ बाहेर पडून दोनच वर्षे झाली होती, आणि त्याचे फळ पाहण्यास ते राहिले नाहीत.

भाषेचे कुलूप

दीक्षितांनी आपला मुख्य ग्रंथ मराठीत लिहिला. इंग्रजीत लिहिला असता तर तो लगेच जगभर गेला असता, हे त्यांना ठाऊक नव्हते असे नाही, कारण इंडियन अँटिक्वरीत ते लिहीतच होते. तरीही हा इतिहास आपल्या माणसांच्या हाती पडावा ही त्यांची निवड होती. त्या निवडीची किंमत ग्रंथाला मोजावी लागली. हिंदी वाचकांना तो मिळण्यास जवळपास सहा दशके गेली. इंग्रजी अनुवादाचा पहिला भाग १९६९ मध्ये आणि दुसरा १९८१ मध्ये निघाला. लेखकाच्या मृत्यूनंतर ८३ वर्षांनी हे काम पुरे झाले. मराठी वाचकाला मात्र हा ठेवा पहिल्या दिवसापासून खुला होता. त्याने तो किती वापरला, हा प्रश्न वेगळा.

सायन पंचांगाचा पक्षही त्यांच्या पश्चात मागे पडला. ग्रहगणित आकाशाशी जुळले पाहिजे ही मागणी हळूहळू मान्य झाली, पण राशी ताऱ्यांपासूनच मोजाव्यात असा कौल समाजाने दिला. या वादाने पुढे एक अनपेक्षित वळण घेतले. स्वतंत्र भारताच्या सरकारने १९५२ मध्ये मेघनाद साहा यांच्या अध्यक्षतेखाली पंचांग सुधारणा समिती नेमली. समितीचा अहवाल १९५५ मध्ये आला, आणि त्यात दीक्षितांच्या ग्रंथाचा आधार घेतलेला आहे. २२ मार्च १९५७ पासून, म्हणजे शके १८७९ च्या १ चैत्रापासून, राष्ट्रीय दिनदर्शिका सुरू झाली. तिचे वर्ष वसंतसंपाताला बांधलेले, म्हणजे सायन आहे. सणांच्या बाबतीत समितीने तडजोड केली, आणि लोकव्यवहारात ही दिनदर्शिका फारशी रुजली नाही. तरीही आकाशवाणीच्या दिवसारंभी आणि सरकारी राजपत्रावर जी भारतीय सौर तारीख आली, तिच्यात लेले, मोडक आणि दीक्षित यांच्या हरलेल्या पक्षाचा अंश आहे.

गुरूचे चक्र मात्र कोणाच्या मान्यतेची वाट पाहत नाही. तो दर १३ महिन्यांनी सूर्याच्या बरोबर समोर येतो, रात्रभर आकाशात राहतो आणि पृथ्वीच्या जवळ असतो. त्याला प्रतियुती म्हणतात. २०२२ च्या घटस्थापनेनंतरची प्रतियुती नोव्हेंबर २०२३ मध्ये झाली, त्यापुढची डिसेंबर २०२४ मध्ये आणि त्यानंतरची थेट जानेवारी २०२६ मध्ये. २०२५ या वर्षाच्या वाट्याला एकही प्रतियुती आली नाही. बारा वर्षांत अकरा हा तोच हिशेब आहे. परिव्राजक राजांच्या ताम्रपटांतील गळलेला संवत्सर आणि २०२५ मधली ही रिकामी जागा यांचे कारण एकच. बार्शीत बसून दीक्षितांनी जो नियम दीड हजार वर्षे मागे लावून पाहिला, तो आज पुढेही तसाच चालू आहे.

२०३४ च्या ऑक्टोबरच्या आरंभी गुरू पुन्हा आकाशाच्या त्याच भागात, पृथ्वीच्या जवळ असेल. यवतमाळात तेव्हाही शरद ऋतू असेल आणि शेतात कापसाची बोंडे फुटण्याच्या बेतात असतील. सूर्य मावळताना पूर्वेला उगवणारा तो तेजस्वी ग्रह ओळखण्यासाठी पदवी लागत नाही आणि वेधशाळाही लागत नाही. रात्रीची दोन घटका सवड आणि उघडे आकाश पुरे आहे. मुरुडच्या मास्तरांनी आपल्या वाचकांकडून याहून अधिक काही मागितले नव्हते.